नेपथ्यातील वास्तू : झाडीपट्टीच्या पडद्यापासून संगणकीय खेळाच्या लेव्हलपर्यंत

प्रस्तावना

वास्तूचा इतिहास सामान्यतः प्रत्यक्ष उभारलेल्या इमारतींच्या आधारे लिहिला जातो. मंदिरे, किल्ले, वाडे, तलाव, रेल्वे स्थानके ही त्याची साधने होत. तथापि प्रत्येक समाजात खऱ्या वास्तूंबरोबरच खोट्या वास्तूंचीही एक परंपरा नांदत असते. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेला महाल, चित्रपटासाठी लाकूड व प्लास्टरमध्ये घडवलेले देऊळ, दिवाळीत अंगणात मातीने उभारलेला किल्ला ही या परंपरेची उदाहरणे होत. या वास्तूंत कोणी राहत नाही, त्यांच्या पायाला दगड नसतो आणि त्यांचे आयुष्यही अल्प असते. असे असले तरी भूतकाळाविषयीच्या लोकांच्या कल्पना घडवण्यात त्यांचा वाटा खऱ्या वास्तूंपेक्षा कमी नसतो.

गेल्या तीन दशकांत या परंपरेत संगणकीय खेळांची भर पडली आहे. खेळाडू ज्या प्रदेशात वावरतो त्या प्रदेशाच्या रचनेस 'लेव्हल डिझाइन' असे म्हणतात आणि त्या प्रदेशात पार्श्वभूमी म्हणून इमारतींच्या त्रिमितीय प्रतिकृती मांडल्या जातात. हा विषय वरवर पाहता तंत्रज्ञानाचा वाटतो. परंतु त्यामागील प्रश्न जुने आहेत. वास्तूचा कोणता भाग दाखवायचा, कोणता सूचित करायचा, कोणता गाळायचा आणि ज्यांची ती वास्तू आहे त्यांना त्यात काही म्हणण्याचा अधिकार आहे काय, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा मागोवा गोंदिया जिल्हा व झाडीपट्टी यांना केंद्रस्थानी ठेवून घेतला आहे.

१. भवभूतीचे चित्रदर्शन

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाचा प्रारंभ संस्कृत नाटककार भवभूतीपासून करणे उचित ठरते. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला हा नाटककार आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय असे मत मांडले. 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही त्याची तीन नाटके होत.

'उत्तररामचरिता'चा पहिला अंक चित्रदर्शनाचा अंक म्हणून प्रसिद्ध आहे. वनवासातील प्रसंग भिंतीवर चितारलेले आहेत आणि लक्ष्मण ते राम व सीता यांना क्रमाने दाखवीत जातो. पाहणारी माणसे त्या स्थळांतून प्रत्यक्ष गेलेली आहेत. त्यामुळे चित्र पाहताना त्यांना ते चित्र राहत नाही. शूर्पणखेचे चित्र समोर येताच सीता भयभीत होते आणि हे केवळ चित्र आहे असे सांगून रामाला तिची समजूत घालावी लागते. ही स्थळे पाहिल्यामुळेच तिच्या मनात पुन्हा वनात जाण्याची इच्छा उत्पन्न होते आणि तीच इच्छा पुढे तिच्या परित्यागाला निमित्त होते.

नाट्यदृष्ट्या हा प्रसंग जितका प्रभावी आहे तितकाच प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पार्श्वभूमीचे चित्र निष्क्रिय नसते. ते पाहणाऱ्याच्या स्मृतीशी जोडले जाऊन त्याला कृतीस प्रवृत्त करते, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. भिंतीवरील चित्रांपुढून क्रमाने पुढे जाणे आणि त्या ओघात कथा उलगडत जाणे ही रचना आजच्या संगणकीय खेळांतही आढळते. तिचा विचार पुढे येईलच.

२. झाडीपट्टीचा पडदा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या वनाच्छादित जिल्ह्यांचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि तेथून नाटकांचा हंगाम सुरू होतो. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यप्रकारांच्या पायावर उभी राहिलेली ही रंगभूमी रात्रभर चालणाऱ्या संगीतप्रधान नाटकांसाठी प्रसिद्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजेच देसाईगंज हे व्यावसायिक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र झाले आहे. २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाल्याने तिची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली.

या रंगभूमीच्या नेपथ्याचा मुख्य आधार रंगवलेला पडदा हा होय. महाल, रस्ता, अरण्य, गरिबाचे घर अशी ठरावीक स्थळे पडद्यांवर रंगवलेली असतात आणि प्रवेशानुसार पडदे बदलतात. एकाच महालाचा पडदा पौराणिक राजालाही चालतो आणि सामाजिक नाटकातील धनिकालाही चालतो. पडद्यावरील महाल विशिष्ट असा कोणाचाच नसतो. तो 'महाल' या कल्पनेचे चिन्ह असतो. दोन खांब, एक कमान, लाल गालिचा व मागे जाणारी फरशी एवढ्यावर प्रेक्षक उरलेली वास्तू मनात उभी करतो.

या पद्धतीमागे निश्चित असे अर्थकारण आहे. एका हंगामात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मंडळीला जड नेपथ्य परवडत नाही. पडदा गुंडाळता येतो, बैलगाडीतून वा मालमोटारीतून नेता येतो आणि पुन्हापुन्हा वापरता येतो. थोड्या साधनांत अनेक स्थळे दाखवणे व तीच साधने पुन्हा वापरणे हे झाडीपट्टीच्या नेपथ्याचे सूत्र होय. संगणकीय खेळांच्या रचनाकारांनीही स्मृतीच्या मर्यादेपोटी नेमके हेच सूत्र स्वीकारले. दोन्हींत साधनांच्या टंचाईतून शैली निर्माण झाली.

३. पडद्याकडून घडीव वास्तूकडे

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या सांगली येथील 'सीतास्वयंवरा'पासून मानला जातो. तेव्हाचे नेपथ्य अगदी साधे होते. पुढे पारशी नाटक मंडळ्यांच्या प्रभावाने यथार्थदर्शनाचे नियम पाळणारे भव्य पडदे मराठी रंगभूमीवर आले. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू अशा पडद्यांच्या रंगकामासाठी नावाजलेले होते.

या परंपरेत दादासाहेब फाळके यांचे स्थान वेगळे आहे. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर वास्तुकला व मूर्तिकाम यांचे शिक्षण घेतले. १८९२ साली अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाचा निर्माता त्याआधी दोन दशके वास्तूच्या लहान प्रतिकृतीचा कारागीर होता, ही गोष्ट भारतीय चित्रपटाच्या इतिहासात सहसा अधोरेखित केली जात नाही.

आनंदरावांचे १९१६ साली निधन झाल्यानंतर बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 'सैरंध्री' (१९२०) व त्यानंतरच्या चित्रपटांत त्यांनी रंगवलेल्या पडद्याऐवजी घनाकार, वावरता येईल असे दृश्यबंध आणले. स्वतः पडदे रंगवण्यात निष्णात असलेल्या कलावंताने पडदा सोडून द्यावा, यातच बदलाचे कारण दडलेले आहे. रंगभूमीवर प्रेक्षकाची जागा निश्चित असते, म्हणून पडद्यावरील यथार्थदर्शन टिकते. कॅमेरा जागा बदलतो. त्याने कोन बदलताच पडद्याचे सपाटपण उघडे पडते. पाहणाऱ्याची नजर हलू लागली की वास्तूला जाडी द्यावी लागते, हा नियम येथे प्रथम प्रत्ययास आला.

कोल्हापुरातच १९२९ साली स्थापन झालेल्या व १९३३ साली पुण्यास स्थलांतरित झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ही कला पूर्णत्वास नेली. साहेबमामा फत्तेलाल हे तिचे कलादिग्दर्शक होते. पुण्यातील पहिल्या 'अमृतमंथन' (१९३४) या चित्रपटातील देवीच्या मंदिराचा दृश्यबंध किंवा 'संत तुकाराम' (१९३६) मधील देहू गाव ही त्याची उदाहरणे होत. देहूचे हे रूप अनेक पिढ्यांच्या मनात खऱ्या देहूइतकेच ठसले. पुढील काळात नितीन देसाई यांनी २००५ साली कर्जत येथे उभारलेल्या स्टुडिओतील दृश्यबंधांनी शिवकालीन वास्तूंविषयीच्या लोककल्पनांवर असाच प्रभाव टाकला. ज्या किल्ल्यांवर आज केवळ जोती उरली आहेत, त्यांवरील वाडे प्रेक्षकाने पाहिले ते नेपथ्यात.

४. दिवाळीचा किल्ला

वास्तूच्या प्रतिकृतीचा नाटक-चित्रपटाहून वेगळा असा एक उपयोग महाराष्ट्रात रूढ आहे. विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीत मुले दगड, माती व गोणपाट यांचा किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात आणि मावळ्यांची मातीची चित्रे मांडतात. हा किल्ला केवळ पाहण्याची वस्तू नसते. कोणता मावळा कोणत्या बुरुजावर, तोफ कोठे, चोरवाट कोठून, शत्रू कोणत्या बाजूने चढणार याचा विचार करून तो रचला जातो. नाटकाच्या नेपथ्यात वास्तू ही कृतीची पार्श्वभूमी असते. मातीच्या किल्ल्यात वास्तू ही कृतीची अट असते.

लेव्हल डिझाइन म्हणजे काय हे मराठी वाचकास समजावून घेण्यासाठी याहून जवळचा दाखला नाही. दरवाजा कोठे ठेवला यावर खेळ कसा चालेल हे ठरते. त्याच वेळी किल्ला किल्ल्यासारखा दिसलाही पाहिजे. खेळाची सोय आणि रूपाची सत्यता या दोहोंतील ओढाताण अंगणातील मुलालाही चुकत नाही. बुरुज खऱ्या प्रमाणात केला तर त्यावर मावळा उभा राहत नाही, म्हणून बुरुज मोठा होतो. संगणकीय खेळांतही हेच घडते. दारे, जिने व खोल्या प्रत्यक्षापेक्षा मोठ्या कराव्या लागतात, कारण खेळाडूबरोबर त्याच्या मागे राहणारा कॅमेराही त्या दारातून आत जायचा असतो.

५. संगणकीय खेळातील वास्तूचा विकास

संगणकीय खेळांतील वास्तूचा अल्प इतिहास पाहिल्यास नेपथ्याच्या वर उल्लेखिलेल्या अवस्था तेथे वेगाने पुन्हा घडल्याचे दिसून येते. 'डूम' (१९९३) या खेळातील इमारती मूलतः सपाट नकाशावर उंची देऊन रचलेल्या होत्या. त्यात एका खोलीवर दुसरी खोली बांधणे शक्य नव्हते, म्हणजेच दुमजली घर अशक्य होते. 'क्वेक' (१९९६) पासून पूर्ण त्रिमितीय रचना आली. भिंती, छत, जिने हे घनाकार ठोकळे जोडून व कापून तयार केले जाऊ लागले. त्यानंतरच्या काळात स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या प्रतिकृती आणून लेव्हलमध्ये मांडण्याची पद्धत रूढ झाली. खांब एकदा घडवायचा आणि शंभर ठिकाणी उभा करायचा, हे त्यामुळे शक्य झाले.

याच पद्धतीतून सुट्या भागांच्या संचाची कल्पना विकसित झाली. भिंतीचा तुकडा, कोपरा, दार, कमान, छताचा भाग असे ठरावीक मापाचे भाग करायचे आणि त्यांच्या जुळणीतून अनेक इमारती सिद्ध करायच्या. 'स्कायरिम' (२०११) या विस्तीर्ण खेळातील गुहा व गढ्या अशा संचांतून रचलेल्या आहेत. झाडीपट्टीच्या मंडळीने एकाच महालाच्या पडद्यावर दहा नाटके करावीत, तसाच हा प्रकार होय.

दूरवर दिसणाऱ्या इमारतींची युक्ती अधिक लक्षणीय आहे. 'हाफ-लाइफ २' (२००४) या खेळात खेळाडू जेथे जाऊ शकत नाही अशा इमारती एका सोळांश आकाराच्या छोट्या प्रतिकृतींच्या रूपात नकाशाच्या एका वेगळ्या कोपऱ्यात मांडल्या जातात. खेळ चालू असताना त्या सोळापट मोठ्या होऊन क्षितिजावर दिसतात. खेळाडूला त्या मैलभर अंतरावरील शहर वाटतात. या इमारतींना मागची बाजू नसते, आत खोल्या नसतात, त्यांच्या भिंतींना आपटण्याचा प्रश्नच नसतो. वास्तुविशारदाची प्रतिकृती व नेपथ्यकाराची प्रतिकृती यांतील भेद येथे स्पष्ट होतो. वास्तुविशारदाच्या प्रतिकृतीत पाया, भिंतीची जाडी, वायुवीजन अशा न दिसणाऱ्या गोष्टीही असाव्या लागतात. नेपथ्यकाराच्या प्रतिकृतीत न दिसणारी प्रत्येक गोष्ट हा अपव्यय असतो. म्हणूनच बांधकामासाठी तयार केलेली प्रतिकृती जशीच्या तशी खेळात घातली असता खेळ मंदावतो आणि खेळासाठी केलेल्या प्रतिकृतीवरून इमारत बांधता येत नाही.

६. नेपथ्य आणि नोंद : नोत्र दामचे उदाहरण

हा भेद केवळ तांत्रिक नाही, हे पॅरिसच्या नोत्र दाम या कॅथेड्रलच्या उदाहरणाने जगापुढे आले. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' (२०१४) हा खेळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडतो आणि त्यात या कॅथेड्रलची प्रतिकृती उभारलेली आहे. कॅरोलिन म्यूस या कलाकार महिलेने त्यावर सुमारे दोन वर्षे काम केले. १५ एप्रिल २०१९ रोजी कॅथेड्रलला आग लागून त्याचा मनोरा कोसळला, तेव्हा या खेळातील प्रतिकृतीच्या आधारे पुनर्बांधणी होईल अशा वार्ता पसरल्या. खेळाच्या निर्मात्या कंपनीने पाच लाख युरोंची देणगी दिली व काही दिवस हा खेळ विनामूल्य उपलब्ध केला. मात्र ही प्रतिकृती शास्त्रीय मोजमापाची नव्हती.

यात इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक अशी एक बाब आहे. खेळातील कॅथेड्रलला जो मनोरा आहे तो व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या मनोऱ्याच्या धर्तीचा आहे. क्रांतीच्या काळात तो अस्तित्वातच नव्हता. आजच्या खेळाडूला मनोऱ्याशिवाय नोत्र दाम ओळखू आले नसते, म्हणून काळाचा विपर्यास पत्करला गेला. येथे वास्तू आपल्या काळाशी प्रामाणिक नाही, ती प्रेक्षकाच्या स्मृतीशी प्रामाणिक आहे.

पुनर्बांधणीला उपयोगी पडली ती दुसऱ्याच प्रकारची कामे. अमेरिकेतील वासर महाविद्यालयाचे कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आगीपूर्वी काही वर्षे लेझरच्या साहाय्याने संपूर्ण वास्तूचे मोजमाप घेतले होते. तसेच छताच्या लाकडी सांगाड्याची आरेखने फ्रेंच वास्तुविशारदांनी आगीपूर्वीच तयार केली होती. टॅलन यांचे २०१८ साली निधन झाले. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले. एका महाविद्यालयीन अध्यापकाचे संशोधन एका जगप्रसिद्ध वास्तूच्या पुनरुज्जीवनास आधारभूत ठरले, ही गोष्ट अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

७. खेळांतील भारतीय वास्तू

भारतीय वास्तू परदेशी खेळांत नेपथ्य म्हणून येऊन बराच काळ लोटला आहे. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' (२०१७) या खेळात पश्चिम घाट व होयसळांची हळेबीड-बेलूरची शिल्पशैली यांवर आधारित कल्पित नगर आहे. 'हिटमन २' (२०१८) या खेळाची एक संपूर्ण लेव्हल मुंबईत घडते. झोपडपट्टी, कपडे धुण्याचा कारखाना, रेल्वेचे आवार, अर्धवट बांधलेला मनोरा आणि चित्रपटाचे चित्रीकरण अशी तिची अंगे आहेत. रचनेच्या दृष्टीने ती कौशल्यपूर्ण आहे. तथापि मुंबईची गिरणगावातील चाळ, गिरगावातील वाडी किंवा कोळीवाडा यांपेक्षा परदेशी प्रेक्षकाच्या परिचयाच्या चिन्हांवर तिचा भर आहे. पडद्यावरील 'महाल' जसा कोणाचाच नसतो, तशी ही मुंबईही चिन्हांची मुंबई आहे.

याउलट पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रकाशित केलेल्या 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' या खेळाचे देता येईल. त्यातील वास्तूंवर राजस्थानातील किल्ले व राजवाडे यांचा प्रभाव आहे आणि रंगयोजनेस पहाडी लघुचित्रशैलीचा आधार आहे. राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. वाटेत भिंतीवरील चित्रांपुढे ती थांबते तेव्हा देवदेवतांच्या कथा उलगडतात. बाराशे वर्षांपूर्वी विदर्भाच्या नाटककाराने योजलेली चित्रदर्शनाची युक्ती येथे नव्या माध्यमात, बहुधा स्वतंत्रपणे, पुन्हा अवतरली आहे. या खेळात कॅमेऱ्याचा कोन रचनाकाराने ठरवलेला असतो. त्यामुळे वास्तूची समोरची बाजूच बारकाईने घडवावी लागते. मर्यादित साधने असलेल्या लहान संस्थेने रंगभूमीचा स्थिर प्रेक्षक पुन्हा शोधून काढला, असे म्हणता येईल. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत या खेळाचा समावेश होता. पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेने २०२४ साली आणलेल्या 'इंडस' या खेळात भारतीय वास्तुरूपांना भविष्यकालीन साज चढवलेला आहे.

मात्र या दोन्ही प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. महाराष्ट्रात घडलेल्या या खेळांत महाराष्ट्राची वास्तू केंद्रस्थानी नाही, आणि विदर्भाची तर नाहीच.

८. गोंदियाचा प्रश्न

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात नेपथ्यास विषय होण्याजोग्या वास्तूंची उणीव नाही. नागरा येथील प्राचीन शिवमंदिर, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाचे अवशेष, नवेगाव बांध व इतर माजी मालगुजारी तलाव, मातीच्या भिंतींची व कवेलूच्या छपरांची घरे, धानगिरण्या आणि रेल्वेने घडवलेले शहर अशी ही विविधता आहे. परंतु यांतील बहुसंख्य वास्तू कोणत्याही अर्थाने 'स्मारके' नाहीत. त्या वापरातील वास्तू आहेत आणि वापर संपताच त्या नाहीशा होतात.

रेल्वेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा अरुंद मार्ग शतकभर सातपुड्याच्या प्रदेशाची जीवनवाहिनी होता. त्याचे रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झाले आणि २०२० च्या सुमारास ते पूर्णत्वास गेले. प्रवाशांच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंद मार्गाच्या रेल्वे संग्रहालयात जुनी इंजिने व डबे जतन केलेले आहेत. पण फलाट, पाण्याची टाकी व स्थानकाची इमारत उचलून संग्रहालयात नेता येत नाही. कवेलूच्या घराची गोष्टही अशीच आहे. सिमेंटच्या पक्क्या घरात राहण्याचा हक्क ग्रामस्थास निःसंशय आहे. जुने घर राखण्याचा भार त्याच्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण घर पाडण्यापूर्वी त्याचे मोजमाप घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मोजमाप न घेतलेले घर पडले की त्याच्याविषयी केवळ चिन्हे उरतात, आणि पुढे कोणी खेळ किंवा चित्रपट रचू लागला तर तो 'आदिवासी खेडे' या नावाचा तयार संच वापरतो.

दुसरा प्रश्न पावित्र्याचा आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान होय. माघ पौर्णिमेस तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. पारी कुपार लिंगो याने काली कंकालीच्या मुलांना या गुहेतून मुक्त केले अशी श्रद्धा आहे. रचनाकाराच्या दृष्टीने विशाल गुहा, दाट अरण्य व कथेची समृद्धी ही मोहात पाडणारी सामग्री आहे. पण या स्थळी शत्रुसंहाराची लेव्हल रचली तर काय होईल, याचे उत्तर अन्यत्र मिळून गेले आहे. 'रेझिस्टन्स : फॉल ऑफ मॅन' (२००६) या खेळात मँचेस्टर कॅथेड्रलच्या अंतर्भागात गोळीबार दाखवला गेला, तेव्हा २००७ साली इंग्लंडच्या चर्चने तीव्र आक्षेप घेतला आणि सोनी कंपनीला क्षमायाचना करावी लागली. मँचेस्टरच्या कॅथेड्रलमागे एक संघटित चर्च उभे होते. कचारगडच्या भाविकांचा आवाज एखाद्या दूरच्या कंपनीपर्यंत तितक्या त्वरेने पोहोचेल याची शाश्वती नाही. म्हणूनच अशा स्थळांच्या बाबतीत परवानगी ही औपचारिकता न राहता रचनेची पहिली पायरी ठरली पाहिजे.

तिसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा होय. वारसा-वास्तूंच्या संगणकीय दर्शनासाठी २००६ साली 'लंडन चार्टर' या नावाने काही तत्त्वे मांडली गेली आणि २००९ साली त्यांची सुधारित आवृत्ती आली. प्रतिकृतीतील कोणता भाग पुराव्यावर आधारित आहे, कोणता तर्काने भरला आहे व निर्णय कोणत्या कारणाने घेतले, याची नोंद प्रतिकृतीबरोबर ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. इतिहासलेखनातील संदर्भटीपेचीच ही त्रिमितीय आवृत्ती होय. नागऱ्याच्या मंदिराची प्रतिकृती करताना भग्न भागांची पूर्तता अन्य मंदिरांवरून केली असेल, तर तसे नमूद केले पाहिजे. ते नमूद केले की कल्पनेस मोकळीक मिळते. ते दडवले की नेपथ्य इतिहासाचा आव आणते.

या कामासाठी लागणारी साधने आज महाविद्यालयांच्या आवाक्यात आहेत. ब्लेंडर हे त्रिमितीय रचनेचे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. एकाच वास्तूच्या अनेक छायाचित्रांवरून संगणकाद्वारे तिचा आकार सिद्ध करता येतो. पण यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी माणसांना विचाराव्या लागतात. धान साठवण्याची जागा कोणत्या बाजूस असे, ओसरीवर कोण बसे, तलावाचे पाणी कोणत्या क्रमाने कोणाच्या शेतास मिळे, ही माहिती छायाचित्रात येत नाही. इतिहास, मराठी, भूगोल, समाजशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे. विद्यार्थी त्या गावांतूनच येत असल्यामुळे ते सुलभही आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. संगणकीय खेळातील इमारतींच्या प्रतिकृती हा पूर्णतः नवा प्रकार नसून रंगवलेला पडदा, चित्रपटाचा दृश्यबंध व दिवाळीचा किल्ला यांच्या परंपरेतील पुढचा टप्पा होय. साधनांची काटकसर, पुनर्वापर व सूचकता ही सूत्रे या सर्वांत समान आहेत.

२. पाहणाऱ्याच्या नजरेस जितके स्वातंत्र्य मिळते तितकी वास्तू घनाकार करावी लागते. पेंटर यांनी पडदा सोडून दिला तो याच कारणाने आणि खेळांतील वास्तूचा विकासही याच दिशेने झाला.

३. नेपथ्यासाठी केलेली प्रतिकृती व नोंदीसाठी केलेली प्रतिकृती या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. दुसरीवरून पहिली केव्हाही करता येते. म्हणून क्रम नोंदीपासून सुरू झाला पाहिजे.

४. श्रद्धास्थानांचा नेपथ्य म्हणून वापर संबंधित समाजाच्या संमतीनेच व्हावा.

५. गोंदिया जिल्ह्यातील वापरातील वास्तूंचे मोजमाप व प्रतिकृती-लेखन हे स्थानिक महाविद्यालयांनी हाती घ्यावयाचे तातडीचे कार्य आहे.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला पडद्यावरचा महाल खोटा आहे हे ठाऊक असते, कारण खरा पडदा व तो ओढणारा माणूस दोन्ही त्याच्यासमोर असतात. संगणकाच्या पडद्यावरील वास्तूचा कर्ता त्याला दिसत नाही. ज्या पिढीने कवेलूचे घर केवळ खेळात पाहिलेले असेल, तिला ते घर कसे होते हे सांगणारी विश्वसनीय नोंद उपलब्ध करून देणे ही आजच्या अध्यापकवर्गाची जबाबदारी होय.